कानबुजवणी

प्रभाकररावांनी दुकानासमोर उभं राहून मंत्र म्हटला आणि शटर गुडघ्यापर्यंत वर गेलं. उरलेलं त्यांनी रोजच्यासारखं हातानं उचललं. दहा वर्षं मंत्रशाळेत जाऊन, अठ्ठेचाळीस मंत्र घोकून आणि दुसऱ्या श्रेणीत पास होऊन त्यांच्याजवळ दोनच मंत्र शिल्लक राहिले होते. एक शटरचा, तो गुडघ्यापर्यंतचा. दुसरा डास हाकलायचा. त्यानं डास शेजारच्या दुकानात जात आणि तिथं काही नाही असं पाहून परत येत. देवळीच्या बाजारात अशा माणसाला शिकलेला म्हणतात. त्यांच्याहून जास्त शिकलेल्यांची शटरंही फार वर जात नव्हती.

प्रभाकररावांचं भांड्यांचं दुकान होतं, शिवाय ते गावच्या मंत्रशाळेच्या समितीचे अध्यक्ष होते. आज त्यांना दोन आनंद होते. शाळेत तपासणीला साहेब येणार होते आणि रविवारच्या पत्रिका छापून आल्या होत्या. त्यांनी गठ्ठ्यातली वरची पत्रिका पुन्हा वाचली. ‘आमची कन्या चि. सुरभी हिची कानबुजवणी योजिली आहे. तरी सहकुटुंब येऊन तिच्या कानांस आशीर्वाद द्यावा.’

कानबुजवणी म्हणजे काय, हे या पुरवणीच्या वाचकांना समजावण्याची गरज नाही. निम्म्या घरांत ती झालेली आहे आणि उरलेल्यांनी तिचं जेवण जेवलेलं आहे. पण काही जण जेवताना डोळे मिटून घेतात, त्यांच्यासाठी सांगतो. मंत्र बाईच्या कानावर पडू नये, असा आपला नियम. का पडू नये हे कुणालाच माहीत नाही, म्हणून नियम फार थोर असला पाहिजे असं सगळे मानतात. पूर्वी मुलींना शाळेत घेतच नसत, त्यामुळे प्रश्न नव्हता. मग सरकारनं कायदा केला की प्रत्येक मुलगी मंत्रशाळेच्या पटावर पाहिजे. समाजानं कायद्याचं मनापासून स्वागत केलं आणि मुलींच्या कानात बोळे घातले. जिल्हा कापसाचा. बोळ्यांची टंचाई कधी पडली नाही.

पाचवीपर्यंत हे बोळे मंत्राच्या तासाला घालायचे आणि तास संपला की काढायचे. सहावीत, बारावं लागायच्या आत, मेणात भिजवलेला बोळा कायमचा बसवतात. तो फक्त मंत्र अडवतो, बाकी सगळं ऐकू येतं, असं पुरुष सांगतात. बायकांना विचारलं तर त्या म्हणतात, “काय म्हटलं?”

साहेब अकराला आले. त्यांचं नाव ओमप्रकाश होतं आणि त्यांना चहात साखर कमी लागत होती. याखेरीज त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. प्रभाकररावांनी त्यांना सहावीच्या वर्गात नेलं. मंत्राच्या तासाची घंटा झाली. एकवीस मुलींनी दप्तरातून कापडी पुरचुंड्या काढल्या, बोळे कानात घातले आणि रुमालावर फुलं भरायला घेतली. मॉनिटर पोरगा त्यांच्या पाठीमागून टाळ्या वाजवत गेला. जी दचकली तिचे बोळे त्यानं अंगठ्यानं आत दाबले. मग सदाशिवराव मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि फळ्याला मंत्र शिकवू लागले. पाठमोरं शिकवायची पद्धत आहे. मुलांना ऐकू गेलं की झालं. चेहरा पाहून शिकायचं कारण नाही.

“मुली किती?” साहेबांनी विचारलं.

“एकवीस,” प्रभाकरराव म्हणाले.

“हजर?”

“एकवीस!”

“शिकतात काय?”

“बसतात, साहेब.”

“बसणं हेच तं पहिलं पाऊल आहे,” साहेब म्हणाले, आणि पहिलं पाऊल बसून टाकता येतं ही गोष्ट त्यांनी शेरेबुकात नोंदवली. मुलींची हजेरी शंभर टक्के. शाळेचं नाव आदर्श हजेरी पुरस्कारासाठी पाठवण्यात येईल. मात्र पुरस्कार होईपर्यंत एकही मुलगी वर्गाबाहेर दिसता कामा नये.

तास संपला, बोळे निघाले. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ती नेमकी सुरभी निघाली.

“बेटा, शाळा आवडते काय तुले?”

“अर्धी आवडते.”

“अर्धी काऊन?”

“अर्धीच आयकू येते ना, सर.”

साहेब खूप हसले. मास्तर हसले. प्रभाकररावही हसले. पोट्टी हुशार आहे यावर तिघांचं एकमत झालं आणि ते पोहे खायला गेले.

दुपारी प्रभाकरराव जेवायला घरी आले. त्यांच्या घरात साधं बोलणं नसे. आई देवकाबाईंचे कान पन्नास वर्षांपूर्वी बुजवलेले, बायको रीताचे पंचवीस वर्षांपूर्वी. त्यामुळे प्रभाकररावांनी मीठ मागितलं की ते गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना कळे. एकदा त्यांनी मूळव्याधीचं औषध मागितलं, तर तीन घरांतून आलं.

“पत्रिका आल्या!” ते ओरडले.

रीतानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पत्रिकेकडे. “एक गोष्ट इचारू काय? पुढच्या साली केलं तं नाई चालणार? लहान हाये पोरगी.”

“पुढच्या साली बारा लागते तिले! अन् अध्यक्षाच्याच पोरीची नाई केली, तं लोक काय म्हणतीन?”

“काय म्हणतीन?”

“म्हणतीन! काहीतरी म्हणतीनच ना!”

“मले थोडीच आयकू येनार हाये,” रीता म्हणाली आणि पोळी वाढली.

सुरभी भिंतीला टेकून बसली होती. तिचं जेवण झालं होतं, हात वाळला होता. तिनं एकदम विचारलं, “बाबा, मेण घातल्यावर ट्रकचा हॉर्न आयकू येते काय?”

प्रभाकररावांचा घास हातातच राहिला. देवकाबाईंनी नातीचे ओठ पाहिले आणि उठून आत गेल्या.

हर्षाचं नाव त्या घरात घेत नसत. हर्षा ही प्रभाकररावांची धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना सगळे कारंजा (घाडगे)जवळ हायवेवर एका ढाब्यावर चहाला थांबले होते. हर्षा एकोणीस वर्षांची होती, तिचंही जमत आलं होतं. ती पलीकडच्या बाजूनं संत्री घेऊन निघाली. डाव्या हाताला पाहत होती, ट्रक उजवीकडून आला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. प्रभाकरराव अलीकडून जीव खाऊन ओरडले, “हर्षा, थांब!” रस्त्यात बसलेला कुत्रा उठून बाजूला झाला. कुत्र्याचे कान कुणी बुजवत नाही.

तेराव्याला समाजाचे पुढारी अण्णाजी आले होते. त्यांनी तीन कारणं शोधून काढली: ट्रक, ड्रायव्हर आणि नशीब. चौथं कारण मेणात होतं. ते कुणी बाहेर काढलं नाही.

“आयकू येते काय, बाबा?” सुरभीनं पुन्हा विचारलं.

“येते ना! फकत मंत्र नाई आयकू येत!”

“मंग तुमी आजीसंगं एवढ्या जोऱ्यानं काऊन बोलता?”

प्रभाकररावांनी ताट सरकवलं. “पोट्टे शाळेत जाऊन बिघडून राह्यले,” ते शाळा समितीचे अध्यक्ष या नात्यानं म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

रविवारी मांडव पडला. दोनशे पानं होती, वांग्याची भाजी होती, बुंदी होती. कानबुजवणीची गाणी बायका म्हणतात. प्रत्येकीची चाल वेगळी आणि कडवंही वेगळं, कारण एकीचं दुसरीला ऐकू जात नाही. पुरुष ते ऐकून म्हणतात, बायकांत एकी नाही.

अण्णाजी पाटावर बसले. समोर मेणाची वाटी निखाऱ्यावर होती. नव्या हिरव्या परकरात सुरभी बसली होती आणि तिच्या शेजारी प्रभाकरराव. रीता खांबाजवळ उभी होती. सकाळपासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती, आणि ती समंजस आहे असं पाच जणांनी प्रभाकररावांना सांगून झालं होतं.

“आपल्यात जबरदस्ती नाई,” अण्णाजींनी पोथी उघडून सगळ्यांना ऐकवलं. “मेण घातल्यावर पोरीले तीन डाव इचारतो, आयकू येते काय. गप राह्यली की तिची संमती. उत्तर आलं तं मेण काढून घ्या, कान मोकळे ठेवा, असं सोच्छ लेहेलं हाये. आजवर एकीनंबी उत्तर देल्लं नाई. यावरून समजून घ्या, पोरींची केवढी इच्छा असते.”

हा युक्तिवाद लोकांना पटला. अण्णाजींनी कोमट बोळे बसवले आणि अंगठ्यानं दाबले. सुरभीचे डोळे पाण्यानं भरले, पण ती हलली नाही.

“इचारा, प्रभाकरराव.”

“सुरभी, आयकू येते काय?”

“येते, बाबा.”

मांडवात एकदम शांतता झाली. गाणी मात्र सुरूच राहिली. बायकांना काही ऐकू गेलं नव्हतं. मग पुरुषांचे चेहरे पाहून एकेक चाल थांबत गेली.

अण्णाजी हसले. “तुमी लयच जोऱ्यानं इचारलं, प्रभाकरराव. हा काय कापसाचा लिलाव हाये? हळू इचारा.” त्यांनी आणखी मेण ओतलं आणि पुन्हा दाबलं.

प्रभाकररावांनी हळू विचारलं. इतकं हळू ते आपल्या घरात कधीच बोलले नव्हते.

“येते,” सुरभी म्हणाली. शब्द पुरा होता.

वाढप्यांनी बादल्या खाली ठेवल्या. अण्णाजी वाकून प्रभाकररावांच्या कानाशी लागले. त्यांचे कान उघडे होते, म्हणून सल्ला नीट पोहोचला. “आता नुसते ओठ हालवा. पोथीत ‘इचारा’ म्हटलं हाये, आवाज काढा म्हणून कोठी म्हटलं?”

प्रभाकररावांनी मांडवाकडे पाहिलं. दोनशे पानं वाट पाहत होती. ओमप्रकाश साहेबही आले होते आणि पंगतीत पहिल्या पाटावर बसले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी तेच केलं जे त्यांच्या जागी त्या मांडवातल्या कोणत्याही अब्रूदार माणसानं केलं असतं. ओठ हलवले. आवाज काढला नाही.

पण सुरभी ज्या घरात वाढली त्या घरात मुली अक्षरांआधी ओठ वाचायला शिकतात, कारण आजीशी बोलायचा दुसरा मार्ग नसतो.

“येते, बाबा,” ती म्हणाली. “आता तं तुमी आवाजच नाई काढला, तरी येते.”

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. बायकांच्या बाजूनं देवकाबाई उठल्या. त्या सावकाश चालत लेकासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या चारचौघांत बोलल्या नव्हत्या, म्हणून आवाज केवढा काढावा याचा त्यांना अंदाज नव्हता. त्या ओरडूनच बोलल्या.

“हर्षानंबी म्हटलं होतं! ‘येते’ म्हणून! तीनई डाव! पोरगी भेली होती, म्हणून हळू म्हटलं. मले आयकू नाई आलं, पण मी तिचे ओठ पाह्यले. मले वाटलं, माह्या डोयाले भ्रम झाला. कारण कोणी काईच बोललं नाई. तू तं तिच्या बाजूले बसला होता, परभाकर! तुह्या कानात तं बोळा नव्हता!”

प्रभाकररावांना ऐकू आलं होतं. तीनही वेळा. त्या दिवशीही पानं वाढून झाली होती आणि वरण निवत होतं. हर्षाचा बारीक आवाज अण्णाजींपर्यंत पोहोचला नव्हता, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी कार्यक्रम थांबवणं त्यांना बरं वाटलं नव्हतं. गेली नऊ वर्षं ते ट्रकच्या ड्रायव्हरला शिव्या देत होते. देताना आवाज नेहमी मोठा असे.

रीता पुढे आली. तिनं सुरभीचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि केसातली पीन काढून दोन्ही बोळे बाहेर काढले. मग ते अण्णाजींच्या उघड्या पोथीवर ठेवले.

“पोथी पाहा, अण्णाजी,” ती म्हणाली. “सोच्छ लेहेलं हाये.”

अण्णाजींनी पोथी पाहिली, मग पंगत पाहिली. भाजी गार होत होती. समाजात मोठमोठे निर्णय कसे होतात याची ज्यांना उत्सुकता आहे, त्यांनी हे टिपून ठेवावं. “बरं, घरी कान मोकळे राहू द्या,” अण्णाजी म्हणाले. “पण शाळेत रोजचे बोळे घालाच लागतीन. वाढा, वाढा!” लोक जेवले. दोघातिघांनी बुंदी पुन्हा मागितली. रीता जेवली नाही. तिनं पळीत तेल कोमट केलं, मागच्या अंगणात बसली आणि सासूकडून आपल्या कानातलं पंचवीस वर्षांचं मेण काढून घेतलं.

सोमवारी मंत्राच्या तासाला घंटा झाली. वीस पुरचुंड्या निघाल्या. सुरभीनं हात बाकावर तसेच ठेवले. तिच्या बाजूला, सहावीच्या बाकात न मावणारी, रीता बसली होती.

“बोळे?” सदाशिवरावांनी विचारलं.

“नाई आणले, सर.”

“मंग बाहीर बसा.”

“बसतो,” रीता म्हणाली. “मंग हजेरी शंभर टक्के कशी राहीन, सर? रजिस्टरात काय लेहान?”

सदाशिवरावांनी खडू खाली ठेवला आणि अध्यक्षांना बोलावणं धाडलं. प्रभाकरराव दुकान तसंच टाकून धावत आले. वर्गाच्या दारातून त्यांनी नेहमीच्या सवयीनं हाक मारली, खिडकीवरचं पाखरू उडालं.

“रीता! चाल घरी!”

रीतानं कानावर हात ठेवला. “हळू बोला की. मी काय बहिरी हाये?”

वर्गातली मुलं हसली. मुलींना कळलं नाही, का हसली ते. मग एकीनं बोळा काढला. तिच्या शेजारणीनं काढला. मॉनिटर उठला, पण टाळी वाजवून काय करायचं हे त्याला सुचेना, तो खाली बसला. बाकावर बोळ्यांचा ढीग झाला.

“अध्यक्षसाहेब, काय करू?” सदाशिवरावांनी विचारलं. “शिकवू का बंद करू?”

मुलींना बाहेर काढलं तर पुरस्कार जात होता. आत ठेवलं तर मंत्र. प्रभाकरराव हा पेच समितीपुढे ठेवणार होते, पण समितीत ते एकटेच होते. आणि बाकावरून सुरभी त्यांच्या ओठांकडे पाहत होती.

“शिकवा,” ते म्हणाले. अगदी हळू. तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

सदाशिवरावांनी पुस्तक उघडलं. तीनशे वर्षं बाईच्या कानापासून जपलेली विद्या, जिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कापूस आणि मेण खर्ची पडलं, ती त्या दिवशी देवळीच्या सहावीच्या वर्गात पहिल्यांदा उघड्या कानांवर पडणार होती. रीतानं सुरभीचा हात घट्ट धरला. मास्तरांनी घसा साफ केला.

“पाठ एकोणिसावा. दूध उतू जाऊ नये म्हणून म्हणायचा मंत्र.”

मंत्र चार शब्दांचा होता. मुलांनी तो मास्तरांच्या मागून म्हटला, उद्या विसरण्यासाठी.

रीता दाराकडे वळली. लग्न झाल्यापासून रोज दोनदा तिनं दूध तापवलं होतं आणि ओटा पुसला होता.

“एवढ्यासाठी?” तिनं विचारलं. “एवढ्यासाठी हर्षाताई गेल्या? तुमाले येत होता काय हा?”

प्रभाकररावांनी आठवून पाहिलं.

“होता सहावीत,” ते म्हणाले. “पाचापैकी पाच मिळाले होते. पण मंग कधी कामच नाई पडलं.”